नुसत्या हाकेला ओ कोण देणार?

शनिवार, दिवाळीच्या आधीचा, सन २००३. वेळ दुपारची. जागा दुकानाची मागची खोली, वर्धा. हजर: सेठजी, म्हणजे दुकानाचे मालक, सर, वैशाली, आणि नोंद घेणारी मी. गैरहजर: वीज. विषय: देवळीच्या जिनिंगमधल्या कॉम्प्युटरवर नुसतं 'पायथन' म्हटलं की कोणत्या आवृत्तीनं यायचं. निर्णय: झाला नाही.

त्या बैठकीची नोंद मी एवढीच केली होती. पण एवढ्यात सर मावत नाहीत, म्हणून बाकीचं आता लिहिते.

सेठजींचं दुकान मुळात पंख्यांचं आणि पाण्याच्या मोटारींचं. नव्वदीच्या मध्यावर त्यांनी अर्ध्या दुकानात कॉम्प्युटर मांडले आणि उरलेल्या अर्ध्यात पंखे ठेवले. त्यामुळे उन्हाळ्यात गर्दी वाढली की ती कशासाठी वाढली हे विचारूनच घ्यावं लागे. कॉम्प्युटरची गिऱ्हाइकं म्हणजे जिल्ह्यातली जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढणारे कारखाने, आणि कृषी केंद्रं. त्यांना मशीन विकलं की त्यावर चालणारा प्रोग्रॅमही आम्हीच लिहून द्यायचो. लिहायचे सर. बिलं, फोन, कोणी कोणत्या गावाला कधी जायचं याच्या याद्या, हे सगळं माझ्याकडे.

सर रोज देवळीहून एसटीनं येत. उंच, किंचित वाकलेले. शर्टाच्या खिशात एक पेन, एक बारका स्क्रू ड्रायव्हर आणि हळदीची पुडी. हळद कशाला, ते पुढे येईलच. सगळे इतर दुकानदार खिडक्यांवाली प्रणाली वापरत असताना आमच्याकडे लिनक्स आणि पायथन होतं, ते केवळ सरांमुळे. मासिकासोबत सीडी यायची. ती आली त्या दिवशी सर कधीच मशीनमध्ये घालत नसत. खिडकीशी ठेवत. "आताच प्रवासातून आली ना बाई," ते मला म्हणत, "पानी-बिनी पिऊ द्या तिले." सीडी आठवडाभर पाणी पीत बसे आणि वैशाली हात चोळत बसे.

आता मुद्द्याचं. एका कॉम्प्युटरवर एकाच भाषेच्या दोन आवृत्त्या सुखानं राहू शकतात, एक जुनी, एक नवी. प्रत्येकीला आपलं पूर्ण नाव असतं, आकड्यासकट. पण बहुतेक प्रोग्रॅम लिहिणारे आळशी. ते नुसतं 'पायथन' अशी हाक मारून मोकळे होतात. त्या नुसत्या हाकेला दोघांपैकी कोणी ओ द्यायची, हे मशीनला आधी सांगून ठेवावं लागतं. याला म्हणतात डीफॉल्ट. बाकीचं जग हे काम एका ओळीत उरकतं. सरांनी त्याची शेती केली होती.

त्यांचं घर शेतकऱ्याचं. आमच्याकडे शेतावर वर्षभरासाठी माणूस ठेवतात, तो सालदार. गुढीपाडव्याला ठेवायचा, पुढच्या पाडव्याला त्याचं साल भरतं. मधेच त्याला काढत नाहीत आणि मधेच तो सोडून जात नाही. कामाच्या दिवसांत वर आणखी माणसं लागली तर ती रोजंदारीवर येतात. सरांच्या हिशेबात डीफॉल्ट आवृत्ती म्हणजे सालदार आणि बाकीच्या आवृत्त्या रोजंदार. सालदाराला नुसती हाक पुरे. रोजंदाराला पूर्ण नावानं बोलवायचं. बदल करायचा तर पाडव्यालाच. पाडव्याच्या सकाळी सर दुकानातल्या प्रत्येक मशीनसमोर बसत, विचार करत, आणि मग मशीनच्या डब्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवत: 'सालदार: दीड. पाडवा ते पाडवा.' चिठ्ठीच्या कोपऱ्यात हळदीचं बोट. दीड म्हणजे पायथनची एक दशांश पाच आवृत्ती. तिला ते दुसऱ्या कुठल्याही नावानं बोलवत नसत. पुढे दोन दशांश दोन आली, ती झाली दोन-दोन.

मला हे सुरुवातीला खुळ वाटलं. मग लक्षात आलं की पाडव्यापर्यंत कापसाचा हंगाम संपलेला असतो, जिनिंगमधली मशीनं मोकळी असतात, काही बिघडलंच तर निस्तरायला वेळ असतो. मी हे सरांना म्हटलं तर ते रागावले. "सोयीसाठी करून राह्यलो असं वाटते का तुमाले?"

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता आणि तो ते कुठेही विचारत. "नुसत्या नावानं आवाज देल्ला त ओ कोन देईन, हे पयले सांगा." समोरच्या टपरीवर कोणी नुसतं "चहा" म्हणालं की काय मिळतं, यावरून त्यांचा चहावाल्याशी महिनाभर वाद चालला. कधी साखर जास्त, कधी आलं, कधी अर्धा कप. शेवटी चहावाल्यानं कंटाळून पाटी लावली: 'चहा म्हणजे अर्धा, साखर कमी. बाकी नावानं सांगणे.' त्या दिवशी सरांनी तिथे दोनदा चहा घेतला. नुसता.

पंख्यांच्या बाजूला कामाला दोन राजू होते. "राजू!" म्हटलं की दोघं तरी यायचे, नाहीतर एकही नाही. सरांनी पाडव्याला निकाल दिला: नुसता राजू म्हणजे धाकटा, थोरल्याला आडनावासकट हाक मारायची. थोरला वर्षभर फुगून होता. पुढच्या पाडव्याला सकाळी सकाळी हजर. "सर, आता माही पाळी ना?" सरांनी त्याला न्याय दिला, आणि मग सेठजींना पुन्हा सवय लावायला मला दोन महिने लागले.

तर आता वैशाली. ती समुद्रपूरकडची. नागपूरला शिकून आलेली, हुशार, बोलायला कोणाच्या बापाला न घाबरणारी. सेठजींनी तिला तात्पुरतं ठेवलं होतं. तिचं पहिलं मोठं काम म्हणजे देवळीच्या जिनिंगसाठी रोजच्या आवकेचा हिशेब. वजनाच्या पावत्या सरांच्या जुन्या प्रोग्रॅमनं छापायच्या, तो दीडवर चालायचा. त्या पावत्यांवरून शेतकरीवार हिशेब तिच्या नव्या प्रोग्रॅमनं लावायचा, तो दोन-दोनवर लिहिलेला. सेठजींनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की दिवाळीनंतरच्या पंचमीला जिनिंगचा मुहूर्त आहे. त्या दिवशी हिशेब चालला तर वैशाली कायम, नाही चालला तर नागपूरचा दुसरा कॉम्प्युटरवाला ते काम घेऊन जाईल. "और फिर इस पोरीला मी कोणत्या तोंडाने ठेवू?"

शनिवारची बैठक यावरच होती. अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्यानं वारा घेत वैशाली म्हणाली, "सर, फक्त एक लिंक फिरवाची हाय. देवळीच्या मशीनवर नुसतं नाव दोन-दोनले देऊन टाका. माहा सगळा प्रोग्रॅम चालते."

"अन् दीडनं कुठं जावं?"

"कुठं म्हंजे? राहीन ना तिथंच. त्याले पूर्ण नावानं बोलवू."

"भर हंगामात? कापूस घरात येऊन राह्यला अन् तुमी सालदाराले म्हनता, आजपासून तू रोजंदार? काय चुकलं त्याचं?"

"त्याचं काई नाई चुकलं सर. तो सॉफ्टवेअर हाय."

"म्हून काय झालं?"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं.

"तूच लिही ना तुह्या फायलींवर पूर्ण नाव," सर म्हणाले. "दोन-दोनले येऊ दे रोजंदारीवर. कोन नाई म्हनते?"

"माहाच प्रोग्रॅम काऊन रोजंदार? नवा हाय म्हून?"

"नवा हाय म्हून नाई. मधात आला म्हून."

"मी नाई लिहीत."

सेठजी इतका वेळ घाम पुसत ऐकत होते. ते म्हणाले, "अरे भाई, मला कोणी सांगेल का, ये दीड कौन है? मला न विचारता कोणी ठेवला?" त्यांना समजावून सांगेपर्यंत वीज आली, सगळे आपापल्या मशीनकडे पळाले आणि बैठक संपली.

दिवाळी गेली. सर आणि वैशाली एकाच खोलीत बसून माझ्यामार्फत बोलत होते. "बाई, सरले सांगा, प्रिंटरचा कागद संपला." "बाई, तिले सांगा, कपाटात हाय." कपाट तिच्या पाठीमागे, सरांच्या समोर. मी निरोप पोचवत होते.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी सकाळी देवळीच्या मुनीमजींचा फोन आला. व्होल्टेज वरखाली झालं आणि मशीन बसलं. हार्डडिस्क गेली होती. सर आणि वैशाली नवी डिस्क घेऊन निघाले. दोघांचे प्रोग्रॅम वेगळ्या सीडीवर नीट ठेवलेले होते, ती यादी माझीच. पण लिनक्सची जुनी सीडी ओरखड्यांनी वाचली जाईना. तेव्हा खिडकीशी पाणी पीत बसलेली नवी सीडी नेली.

पंचमीला सकाळी मी आणि सेठजी मिठाईचे डबे घेऊन गाडीनं देवळीला पोचलो. जिनिंगच्या अंगणात कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, लागलेल्या. वजनकाट्याला झेंडूचा हार. पहिल्या बंडीचे शेतकरी काका नवी टोपी घालून, हातात नारळ घेऊन उभे. पहिलं वजन त्यांचं, पहिली पावती त्यांची. आत खोलीत वैशालीचा हिशेब पडद्यावर झकास उघडला होता. आणि सरांची पावती छापली जात नव्हती.

झालं होतं असं, की नव्या सीडीनं आपला सालदार स्वतःच ठेवून आणला होता. त्या सीडीवर नुसतं नाव आधीच दोन-दोनच्या नावे होतं. वैशालीनं हट्टानं फायलींवर पूर्ण नाव लिहिलं नव्हतं, म्हणून तिचं सगळं आपोआप चाललं. सरांनीही आपल्या फायलींवर पूर्ण नाव लिहिलं नव्हतं. त्यांना वाटे, सालदाराले कायले आडनाव लागते? सरांच्या प्रोग्रॅमनं हाक मारली आणि ओ दिली दोन-दोननं. पण काट्याकडून वजन घेणारा प्रोग्रॅमचा तुकडा दीडसाठी बांधलेला. तो दोन-दोनला दिसेचना. दीडही त्या सीडीतून डिस्कवर उतरला होता, पण कोपऱ्यात, पूर्ण नावानं. त्याला कोणी हाक मारत नव्हतं.

सेठजींचा चेहरा उतरला. "सर, तुम्ही ते करता ना, एक ओळ? नुसतं नाव परत दीडला द्या. बंड्या खड्या आहेत बाहर."

ती ओळ मारली असती तर पावती छापली गेली असती आणि वैशालीचा हिशेब तिथेच झोपला असता. सेठजींचा शब्द आम्हा सगळ्यांना पाठ होता. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ती सरांच्या हाताकडे पाहत राहिली. सरांचे हात कीबोर्डवर होते.

त्यांनी हात उचलले. मशीनच्या डब्यावर जुनी चिठ्ठी तशीच होती, 'सालदार: दीड'. ती त्यांनी नीट वाचली, जणू दुसऱ्या कोणी लिहिली होती.

"हे घर आपलं नाई सेठजी," ते म्हणाले. "हे घर नव्यानं बांधलं. बांधनाऱ्यानंच सालदार ठेवून देल्ला. या घरातले बाकी गडी, पॅकेजं बसवनारे, सगळे त्यालेच आवाज देतात. त्याले मधातून काढता येत नाई."

"मग पावती?"

"दीड रोजंदारीवर येईन."

आणि त्यांनी आपली पहिली फाइल उघडली. वरच्या ओळीत नुसतं नाव होतं, त्यापुढे त्यांनी आकडा लिहिला. फाइल बंद केली. दुसरी उघडली.

वैशालीला राहवलं नाही. "सर, सगळ्या फायली एका ओळीत बदलता येतात. मी करून देऊ का?"

"मले येते ती ओळ."

"मंग?"

"एका ओळीत सगळ्यायले रोजंदार म्हनते का कोनी? एकेकाले सांगा लागते. अन् आपल्या मानसाले आपनच सोता सांगा लागते."

बाहेर बैल घंटा वाजवत होते. मुनीमजी दारातून डोकावून जात होते. सेठजी मिठाईचा डबा उघडून बंद करत होते. मी बाहेर जाऊन टोपीवाल्या काकांना चहा दिला आणि सांगितलं की आत पूजा चालू आहे. खोटंही नव्हतं ते. आत आले तर सर फाइल उघडत होते, वाचत होते, आकडा लिहीत होते, आणि शेजारी खुर्ची ओढून वैशाली बसली होती. ती पुढच्या फाइलचं नाव सांगत होती, माझ्यामार्फत नाही, थेट.

पहिली पावती खडखड करत निघाली. काकांनी ती टोपीला लावली. दुपारी त्याच पावतीवरून वैशालीच्या हिशेबात काकांचं नाव पहिलं चढलं. सेठजींनी तिथेच, भर अंगणात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पोरगी पक्की!" मग मिठाईचा डबा एकदाचा खरोखर उघडला.

निघताना सरांनी नवी चिठ्ठी लावली: 'सालदार: दोन-दोन. रोजंदारीवर: दीड.' हळदीचं बोट लावलं आणि वैशालीला म्हणाले, "रोजंदाराले उपाशी ठेवजो नको. काट्याचा तुकडा जपजो."

"हो सर."

"अन् तुह्या फायलींवर आजच्या आज पूर्ण नाव लिही. पुढची सीडी कोनाले घेऊन येईन, काय भरोसा?"

तिनं त्याच दिवशी लिहिलं. एकेका फाइलवर, हातानं. मी पाहिलं आहे.

पुढच्या पाडव्याला सर दुकानात साखरेची गाठी घेऊन आले, सगळ्यांत मोठ्या मशीनच्या डब्यावर ती ठेवली आणि चिठ्ठ्या लावून झाल्यावर माझ्या टेबलाशी आले. "बाई, लिहून घ्या. आजपासून फोन आला अन् 'सरले द्या' म्हटलं, त फोन वैशालीले द्याचा. मी असलो तरी. माह्याशीच बोलाचं असंन त पूर्ण नाव घेतील ते."

"सर, असं काय करता?" वैशाली उठून उभी राहिली. "तुमी हायेत ना."

"हावो ना. कुठं गेलो? रोजंदारीवर हावो."

आणि ते खरंच तसे वागले. फोन वाजला की हात बांधून बसत. गिऱ्हाइकं "सर आहेत का?" म्हणत, मी वैशालीला देई, तिकडून गोंधळलेला आवाज येई, "आँ? सरचा आवाज असा काऊन झाला?" दोन पाडवे गेले आणि जिल्ह्यातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना सवय झाली. एक सोडून.

गिरडला दर्ग्याच्या टेकडीच्या पायथ्याशी आमचं एक गिऱ्हाईक आहे, बी-बियाण्याचं कृषी केंद्र. तिथले भाऊ फोनवर वैशालीचा आवाज ऐकला की ठेवून देत आणि संध्याकाळी पुन्हा करत. त्यांच्या मशीनवर नुसत्या नावाला अजून दीडच ओ देत होता. दर पाडव्याला माझ्या यादीत पहिलं काम तेच: गिरड, डीफॉल्ट बदलणे. दर पाडव्याला सर स्वतः जात. आधी टेकडीवर जाऊन येत, मग मशीनसमोर बसत. भाऊ हात जोडत, "सर, त्याले काई करू नका बाप्पा. सुरू हाय ना." सर मशीनच्या पंख्याचा आवाज ऐकत, नव्या सालाची चिठ्ठी लावत आणि परत येऊन मला सांगत, "राहू द्या अजून एक साल."

"सर, काम काय फक्त आमच्या यादीत राहायला ठेवलंय?"

"बाई, सालदार बदलाचा त नव्याले जुन्यासंगं एक हंगाम ठेवा लागते. शेत कुठं, विहीर कुठं, ते जुना दाखवते. गिरडच्या डिस्कवर दोघायले जागा नाई."

मी तेव्हाच मोठी डिस्क मागवून कपाटात ठेवली. सर तिच्याकडे पाहत आणि कपाट लावून घेत.

मागच्या पावसाळ्यात सर वारले. शेतावरच होते. वैशाली देवळीला जाऊन आली आणि त्या दिवशी तिनं फोनला हात लावला नाही. फोन वाजत राहिला.

यंदाच्या पाडव्याला आम्ही दोघी गिरडला गेलो. डिस्क घेतली, सीडी घेतली, परतीच्या गाडीची वेळ लिहून घेतली. भाऊंनी खुर्ची पुसून दिली. वैशाली टेकडीवर जाऊन आली, मशीनसमोर बसली. डब्यावर सरांच्या अक्षरातली चिठ्ठी, हळद उडून नुसता डाग राहिलेला. तिनं दीडला एकदा नुसत्या नावानं हाक मारली. त्यानं लगेच ओ दिली.

"आपल्या मानसाले आपनच सांगा लागते, असं सर म्हनत ना," ती म्हणाली. "बाई, हा कोनाचा मानूस?"

मी घड्याळ पाहिलं. तिनं पर्समधून कागद काढला, दीडच्याच नावानं नव्या सालाची चिठ्ठी लिहिली, आणि भाऊंना विचारलं, "घरात हळद हाय का?"

परत आल्यावर मी यादी पुरी केली. बाकी सगळ्या ओळी खोडल्या. एक राहिली आहे: गिरड, डीफॉल्ट बदलणे. डिस्क कपाटात आहे.